केसपेपरवर न लिहिलेला आजार

(पाटोदा, जि. बीड येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



किरणोत्सर्गाने बाधित झालेल्या रुग्णांची रुग्णालयीन शुश्रूषा हा विषय मी सुचवला, तेव्हा पहिला प्रश्न अपेक्षित असाच आला. पाटोद्यात अणुभट्टी कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. तारापूर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठी. कैगा तर गोव्याच्याही पलीकडे, कारवार तालुक्यात. आपल्या या बालाघाटाच्या माथ्यावर गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते, सौताड्याला धबधबा कोसळतो आणि पावसाने ओढ दिली की टँकरची वाट पाहावी लागते. अणूचा आणि आपला संबंध विजेच्या तारेपुरता, असे कोणालाही वाटावे.

परंतु या आजाराचा एक स्वभाव आहे. तो ज्या ठिकाणी जडतो, त्याच ठिकाणी प्रकट होईल याची शाश्वती नसते. अणुकेंद्रात अपघात झाला तर तेथे मोजयंत्रे असतात, तज्ज्ञ असतात, रुग्णवाहिका असते. जगात जे सर्वांत करुण प्रकार घडले, त्यांतले अनेक अणुकेंद्राबाहेरचे आहेत. ते भंगाराच्या दुकानात घडले, वेल्डिंगच्या कामावर घडले. आणि त्यांत सापडलेली माणसे कोण होती? पोटासाठी घर सोडून निघालेली. ऊसतोडीला, भट्ट्यांवर, बांधकामावर, भंगाराच्या व्यवसायात जाणारी माणसे या तालुक्यात किती आहेत, हे मी आपल्याला सांगायला नको.

आधी दिल्लीचे उदाहरण पाहू. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९७० साली संशोधनासाठी कॅनडाहून एक यंत्र आणले होते. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू होता. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. २०१० च्या फेब्रुवारीत ते जुने सामान म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथील कामगारांनी ते फोडले. आतले शिशाचे जाड कवच मोलाचे, म्हणून ते वेगळे काढले. कोबाल्टचे तुकडे इकडेतिकडे गेले. एकाने चकाकणारा तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवून ते खिशात बाळगले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक जण रुग्णालयात दाखल झाला. त्वचा काळी पडलेली, केस गळत असलेले. तेथील डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवले. मग पथके धावली, तुकडे गोळा झाले, बाजार मोजला गेला. सात जणांवर रुग्णालयात उपचार झाले. त्यांतील एक कामगार २६ एप्रिल २०१० रोजी मरण पावला.

मूळ चूक एका विद्यापीठाची, म्हणजे सुशिक्षितांची. तिची किंमत मोजली ती ज्याला त्या यंत्रावरचे अक्षरही वाचता येत नसेल अशाने. त्या डॉक्टरांना शंका आली नसती तर काय झाले असते? तोच कामगार बरे वाटेना म्हणून गावी निघून गेला असता तर?

हा 'तर' समजून घ्यायचा असेल, तर या आजाराची चाल समजून घ्यावी लागेल. शरीराला मोठ्या मात्रेत किरण लागले की काही तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. त्या एका तासाच्या आत सुरू झाल्या तर प्रकरण गंभीर समजावे. एक-दोन दिवसांत त्या थांबतात आणि माणसाला बरे वाटू लागते. काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, तो हिंडतो-फिरतो, जेवतो. आत मात्र अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा हाडांमधला गर, नष्ट होत असतो. मग केस गळतात, हिरड्यांतून रक्त येते, ताप चढतो आणि जंतुसंसर्ग बळावतो. किरणांनी भाजलेली जखमही अशीच फसवी असते. विस्तवाचा चटका तत्काळ कळतो. किरणांचा चटका बसताना काहीच कळत नाही. त्या जागी लाली येते, जाते आणि आठवड्यांनंतर फोड येऊन मांस सडू लागते.

म्हणजेच तळोज्याच्या किंवा जालन्याच्या एखाद्या कारखान्याच्या आवारात आज बाधित झालेला माणूस अगदी ठणठणीत अवस्थेत एसटीत बसून पाटोद्याला येऊ शकतो, आणि त्याचा खरा आजार येथील ग्रामीण रुग्णालयाच्या दारात प्रकट होऊ शकतो. केसपेपरवर काय लिहिले जाईल? 'ताप, उलट्या, हातावर जखम.' साप, विंचू, नागीण, औषधाची ॲलर्जी असे सगळे विचारले जाईल. 'महिनाभरात काय काम केलेस?' हा प्रश्न मात्र विचारला जाईलच असे नाही. आजच्या भाषणातून आपण एकच गोष्ट घरी नेणार असाल, तर हा प्रश्न न्यावा.

हे कल्पनेचे खेळ नाहीत. ब्राझीलमधील गोयानिया या शहरात १९८७ च्या सप्टेंबरमध्ये नेमके असेच घडले. एक कर्करोग उपचार केंद्र दुसरीकडे हलले आणि त्याचे जुने यंत्र ओसाड इमारतीत मागे राहिले. दोन तरुणांनी ते काढून भंगारवाल्याला विकले. आतली सीझियम-१३७ ची भुकटी अंधारात निळसर चमके. त्या प्रकाशाचे लोकांना इतके अप्रूप वाटले की भंगारवाल्याने ती आप्तेष्टांना वाटली. एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी ती जेवली. घरोघर माणसे आजारी पडू लागली. डॉक्टरांनी कोणाला ॲलर्जी सांगितली, कोणाला उष्ण कटिबंधातला ताप. दोन आठवडे हे असे चालले.

शेवटी छडा लागला तो एका गृहिणीमुळे. भंगारवाल्याच्या पत्नीच्या लक्षात आले की ही वस्तू घरात आल्यापासून सगळे आजारी पडत आहेत. तिने तिचे अवशेष पिशवीत भरले आणि बसने सरकारी आरोग्य कार्यालयात नेऊन डॉक्टरांसमोर ठेवले. डॉक्टरांना ती वस्तू बरी वाटेना. त्यांनी पिशवी बाहेर अंगणात एका खुर्चीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने मोजयंत्र आणले आणि सारा उलगडा झाला. ती स्त्री, ती मुलगी आणि भंगाराच्या दुकानातले दोन कामगार असे चौघे दगावले. एक लाख बारा हजारांहून अधिक नागरिकांची एका क्रीडांगणावर तपासणी करावी लागली. त्यांतील २४९ जण प्रत्यक्ष दूषित आढळले. उरलेल्या लाखभरांच्या वाट्याला केवळ भीती आली होती. आणि भीतीही क्रूर असते. त्या मुलीला शिशाचा थर दिलेल्या शवपेटीत पुरले जात असताना जमावाने दफनभूमीवर दगडफेक केली.

आता रुग्णालयाकडे वळतो. येथे दोन शब्दांमधला भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. एक म्हणजे किरण लागणे आणि दुसरा किरणोत्सर्गी द्रव्याने दूषित होणे. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा स्वतः एक्स-रे सोडत नाही, तसेच बाहेरून किरण लागलेला रुग्ण कितीही अत्यवस्थ असला तरी त्याच्यापासून कोणाला काहीही होत नाही. मायापुरीचे बहुतेक रुग्ण या प्रकारचे होते. त्यांना इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणे हात लावता येतो, उचलता येते, पाणी पाजता येते. गोयानियाचे रुग्ण दुसऱ्या प्रकारचे होते. त्यांच्या अंगावर आणि पोटात ती भुकटी होती.

या दुसऱ्या प्रकारालाही घाबरून जाण्याचे कारण नाही. भुकटी म्हणजे शेवटी धूळ. रुग्णाचे कपडे आणि चपला काढून पिशवीत बांधल्या, की बाहेरची ८० ते ९० टक्के घाण तेथेच सुटते. उरलेली कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुऊन निघते. घासायचे मात्र नाही. त्वचा सोलवटली तर तीच धूळ रक्तात शिरते. जखम असेल तर ती आधी धुऊन झाकावी. डॉक्टर-परिचारिकांनी दुहेरी हातमोजे, मुखपट्टी, अंगरखा आणि टोपी घालावी. गर्भवती कर्मचाऱ्यांना त्या कामावर ठेवू नये. जमिनीवर प्लास्टिकची ताडपत्री अंथरावी, पंखे बंद ठेवावेत, आत-बाहेर जाण्याची वाट एकच ठेवावी आणि कपड्यांच्या पिशव्यांवर नाव-वेळ लिहून त्या लोकांपासून दूर ठेवाव्यात. यातली एकही वस्तू या तालुक्यात मिळणार नाही अशी नाही.

परंतु सर्वांत महत्त्वाचा नियम आरंभी सांगायला हवा होता. प्राण आधी, धुणे नंतर. रक्तस्राव होत असेल, श्वास अडकला असेल, तर आधी ते पाहावे. किरणोत्सर्ग लगोलग जीव घेत नाही, रक्तस्राव घेतो. जगभरातील तज्ज्ञांचे यावर एकमत आहे. साधी खबरदारी घेऊन दूषित रुग्णाला हाताळणाऱ्या डॉक्टरांना मिळणारी मात्रा बहुधा अल्प असते, असाच आजवरचा अनुभव आहे.

खबरदारी न घेतल्यास काय होते, त्याचेही दाखले आहेत. १९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची भट्टी फुटली, तेव्हा अग्निशामक जवानांना जवळच्या प्रिप्यातच्या रुग्णालयात आणले गेले. त्यांचे कपडे उतरवून तळघरात टाकले. अनेक वर्षांनंतरही त्या तळघरात मोजयंत्र कर्कश वाजत असे. जपानमध्ये टोकाईमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी युरेनियमच्या प्रक्रियेत अपघात झाला. रुग्णवाहिका बोलावताना हा किरणोत्सर्गाचा प्रकार आहे, हेच कारखान्याने सांगितले नाही. मदतीला धावलेले जवान साध्या गणवेशात आत गेले आणि त्यांनाही किरण लागले. तेथील तीन कामगारांपैकी दोघे जगू शकले नाहीत. एकाला ८३ दिवस आणि दुसऱ्याला २११ दिवस जपानच्या उत्तमोत्तम डॉक्टरांनी झुंजवत ठेवले. त्या उपचारांविषयी जपानमध्ये पुढे पुष्कळ चर्चा झाली. ती आज येथे करत नाही.

आणखी एक गोष्ट ग्रामीण रुग्णालयाच्या आवाक्यातली आहे. किती किरण लागले हे सांगणारे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे रक्ताची साधी तपासणी. पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशी किरणांना फार हळव्या असतात. पहिल्या ४८ तासांत दर सहा ते बारा तासांनी त्या मोजल्या आणि आकडा भराभर घसरत असेल, तर मात्रा मोठी आहे हे कळते. उलट्या नेमक्या किती वाजता सुरू झाल्या हे लिहून ठेवावे, एवढेच आणखी. ही दोन टिपणे सोबत घेऊन रुग्ण अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि तेथून मुंबईला पोहोचला, तर तेथील तज्ज्ञांचे बहुमोल तास वाचतात. पुढचे उपचार म्हणजे निर्जंतुक खोली, प्रतिजैविके, रक्त, मज्जेला चालना देणारी इंजेक्शने. चार ग्रे एवढी मात्रा लागलेल्यांपैकी सुमारे निम्मे उपचाराविना दगावतात. उपचार मिळाले तर यांतले पुष्कळ वाचू शकतात.

औषधांविषयी बोलायचे, तर 'किरणोत्सर्गावरची गोळी' अशी काही वस्तू अस्तित्वात नाही. जसे द्रव्य, तसा उतारा. पोटात सीझियम गेले असेल तर प्रशियन ब्लू देतात. हो, चित्रकार वापरतात तोच निळा रंग, औषधाच्या शुद्धतेचा. तो आतड्यात सीझियमला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर काढतो. गोयानियात ४६ जणांना तो दिला गेला. आयोडीनची गोळी केवळ किरणोत्सर्गी आयोडीनपासून गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला वाचवते, तीही वेळेवर घेतली तर. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाची दुर्घटना झाली, तेव्हा चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठाची दुकाने रिकामी केली. त्या मिठाचा काडीचाही उपयोग नव्हता.

ट्रिटियमचा उतारा तर प्रत्येक घरात आहे. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कैगा अणुवीज केंद्रात कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. सुमारे ५५ जण बाधित होते. शोध घेता पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे निष्पन्न झाले. त्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. हे आतल्याच कोणाचे तरी दुष्कृत्य आहे, हे त्यांनी लपवले नाही. उपचार काय? भरपूर पाणी पाजणे आणि लघवी वाढवणारी औषधे. ट्रिटियम शरीरात पाण्याच्याच रूपाने वावरते आणि पाण्याबरोबरच निघून जाते. एरवी दहा दिवसांत निम्मे होणारे प्रमाण यामुळे आणखी लवकर उतरते. बहुतेकांची मात्रा वार्षिक मर्यादेच्या आतच राहिली. ज्याने हे केले त्याने देशाच्या विश्वासालाच विष पाजले. पण ती चोरी पकडली कोणी? नियमित तपासणीच्या कंटाळवाण्या शिस्तीने.

मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या परिसरात किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र आहे. १९६३ साली ते सुरू झाले. थायरॉइडच्या कर्करोगाच्या रुग्णांना तेथे किरणोत्सर्गी आयोडीन पाजले जाते, अर्थात बरे करण्यासाठी. औषध घेतल्यापासून काही दिवस त्या रुग्णाची लाळ, घाम आणि लघवी किरणोत्सर्गी असते. त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, लघवी टाकीत साठवून निवू देतात, मोजयंत्राने मोजून मगच घरी सोडतात. घरी गेल्यावर लहान मुले आणि गर्भवतींपासून थोडे दिवस अंतर ठेवायला सांगतात. या आयोडीनचे बळ आठ दिवसांत निम्मे होते. म्हणजे पाहा, किरणोत्सर्गी द्रव्य अंगात असलेल्या माणसांची शुश्रूषा साठ वर्षांहून अधिक काळ मुंबईच्या परिचारिका करत आल्या आहेत. हे आपल्याला ठाऊक नसते, कारण तेथे काही बिघडत नाही आणि न बिघडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. पत्रकारितेत आयुष्य काढलेल्या माणसाने हे तरी मान्य करायला हवे.

असा रुग्ण उपचार घेऊन गावी परतला आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी त्याला कायमचे दूर ठेवले, तर त्याला आपण काय म्हणणार? विज्ञानाने सांगितलेले अंतर थोड्या दिवसांचे असते. अज्ञानाने घातलेले अंतर जन्मभराचे होते. ज्या समाजाने अस्पृश्यतेचा कलंक धुण्याचा निश्चय केला आहे, त्याने रोग्याच्या रूपाने नवी अस्पृश्यता निर्माण होऊ देता कामा नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले असताना सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. त्याच साथीत लोकमान्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभे केले. आणि २०२० साली, टाळेबंदीत, परिचारिकेला घर सोडायला सांगणारे घरमालकही आपण पाहिले आणि अनोळखी मृतदेहाला खांदा देणारे स्वयंसेवकही पाहिले. माणूस कोणत्या बाजूला जातो, हे पुष्कळदा त्याला आधी काय सांगितले गेले यावर ठरते.

अणुऊर्जेच्या नावाने भीती विकणारी एक जमात आपल्याकडे आहे. पोखरणला १९७४ आणि १९९८ मध्ये जे घडले, त्याचा ज्यांना अभिमान वाटतो त्यांतला मी आहे. या देशाला अणूची वीज हवी आणि अण्वस्त्रांचे सामर्थ्यही हवे. परंतु भीती विकणाऱ्यांना 'काहीही होत नाही' हे उत्तर देणे अप्रामाणिक आहे. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, तेव्हा त्या पोलादाचा माग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीपर्यंत आला. भंगारात मिसळलेला कोबाल्टचा स्रोत भट्टीत वितळला होता. तो पकडला कोणी, तर फ्रान्समधल्या मोजयंत्राने. ते आपल्या दारात पकडले जायला हवे होते. सामर्थ्यवान राष्ट्राच्या भट्टीच्या फाटकावर मोजयंत्र असते आणि त्याच्या तालुक्याच्या डॉक्टरला हा आजार ओळखता येतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ सालीच या विषयावर सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. पुण्याजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आहे. मुंबईत नियामक मंडळ आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि त्याचे रुग्णालय आहे. वरचा मजला बांधलेला आहे. जिना मात्र खाली येथवर पोहोचलेला दिसत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात दुष्काळ, पूर, भूकंप असतात. १९९३ च्या किल्लारीनंतर भूकंपाचे गांभीर्य मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. त्यात या विषयाचे एक पान असावे, संशय आल्यास कोणाला दूरध्वनी करायचा ते क्रमांक त्यावर असावेत आणि ते पान रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत लावलेले असावे. आपल्यापैकी जे जिल्हा प्रशासनाशी बोलू शकतात, त्यांनी एवढे विचारावेच.

आणि एक काम आपले. किरणोत्सर्गाची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन काळी पाती. २००७ पासून अतिधोकादायक स्रोतांसाठी लाल रंगातली आणखी एक खूण आहे. तिच्यात किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखवला आहे. अक्षर न येणाऱ्यालाही कळावी, म्हणूनच ती तशी केली आहे. अशी खूण असलेली, किंवा आकाराच्या मानाने अतिशय जड असलेली शिशाची बंद वस्तू भंगारात आली, तर ती फोडायची नाही, खिशात घालायची नाही, घरी न्यायची नाही. दूर व्हायचे, इतरांना दूर ठेवायचे आणि पोलिसांना ११२ वर कळवायचे. या दोन्ही खुणांची मोठी चित्रे मराठी मजकुरासह मी छापून आणली आहेत. पन्नास प्रती आहेत. सभा संपल्यावर त्या मागच्या टेबलावरून घ्याव्यात. पहिली ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीशेजारी, दुसरी बसस्थानकावर लागावी, आणि उरलेल्या जामखेड-मांजरसुंबा रस्त्यावरच्या भंगाराच्या दुकानांत, मालकाला दोन मिनिटे समजावून सांगून. ऊसतोडीच्या टोळ्या परत येतील, तेव्हा मुकादमांनाही एकेक द्यावी. प्रती कमी पडल्या तर कळवा, आणखी पाठवतो.